काडेपेटी गेटवर, व्हेप खिशात
ज्वालाग्राही कामाच्या जागा आणि ई-सिगारेट : एक आढावा

पेट्रोलियम डेपो, रिफायनरी, स्फोटकांचा कारखाना यांच्या गेटवर एक रिवाज वर्षानुवर्षे पाळला जातो. आत जाणाऱ्याने काडेपेटी, लायटर, विडी-सिगारेटचे पाकीट काढून ठेवायचे, मोबाइल जमा करायचा, टोकन घ्यायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. टँकर आला तर त्याच्या सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर बसवला आहे का, तेही पाहिले जाते. अलीकडे मात्र या झडतीतून एक वस्तू सहज निसटू शकते. ती पेनासारखी दिसते, पेनड्राइव्हसारखी दिसते, कधी रंगीत हायलायटरसारखी दिसते. ती पेटवावी लागत नाही, तिला राख नाही, आणि तिचा वास दोन मिनिटांत विरतो. ती वस्तू म्हणजे ई-सिगारेट, बोलीभाषेत व्हेप.

जिथे हवेत पेट्रोलची वाफ, मिथेन, हायड्रोजन, अल्कोहोल किंवा बारीक सेंद्रिय धूळ असू शकते, तिथे हे उपकरण किती धोक्याचे आहे? त्याला सिगारेटचा नियम लावायचा की विजेच्या उपकरणाचा? बंदी पूर्ण आवारात असावी की ठरावीक भागात? गेल्या दशकभरात या प्रश्नांवर अग्निसुरक्षेचे अभियंते, सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक आणि कारखान्यांचे व्यवस्थापक वेगवेगळ्या बाजूंनी बोलत आले आहेत. चर्चा आज कुठे उभी आहे, काय पक्के झाले आहे आणि काय बाकी आहे, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी : एक पाटी, दोन कामे

ज्वालाग्राही जागेतील ठिणगीचा विचार कोळशाच्या खाणीत सुरू झाला. हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी असलेला दिवा तयार केला. जाळीच्या छिद्रांतून बाहेर पडताना ज्योतीची उष्णता धातू शोषून घेतो आणि बाहेरचा मिथेन पेटत नाही, हे त्यामागचे तत्त्व. पुढच्या दोनशे वर्षांतले सगळे नियम दोन वाटांनी गेले. एक, प्रज्वलनाचे साधन आत येऊच द्यायचे नाही. दोन, आणणे भागच असेल तर त्याची ठिणगी किंवा उष्णता बाहेरच्या वायूपर्यंत पोचणार नाही अशी बांधणी करायची. आज कारखान्यात ज्याला आपण ‘फ्लेमप्रूफ’ म्हणतो, ती दुसऱ्या वाटेची संतती.

भारतात १८८४ चा स्फोटके कायदा, १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि त्याखालचे २००२ चे नियम यांनी पहिली वाट घट्ट केली. या कायद्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. वायूचा धोका असलेल्या भूमिगत कोळसा खाणींत विडी, सिगारेट, काडेपेटी नेण्यास मनाई आहे आणि खाली उतरण्यापूर्वी कामगारांची झडती होते. १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम ३७ तर फार व्यापक शब्दांत लिहिलेले होते. स्फोटक धूळ, वायू किंवा वाफ असेल तिथे यंत्र बंदिस्त करा, धूळ-वाफ साचू देऊ नका आणि प्रज्वलनाची सर्व संभाव्य साधने दूर ठेवा किंवा बंदिस्त करा, असे ते सांगत असे. कलम ३६अ नुसार ज्वालाग्राही वायू असण्याची शक्यता असलेल्या टाकीत किंवा बंदिस्त जागेत फ्लेमप्रूफ बांधणीचाच दिवा चालत असे. आता श्रमसंहितांनी या कायद्याची जागा घेतली असली, तरी कारखान्यांतली सुरक्षेची शिस्त याच कलमांवर घडली आहे.

दुसरीकडे आरोग्याचा प्रवाह स्वतंत्रपणे वाढला. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी लागू झालेली धूम्रपानबंदी यांचा हेतू शेजारच्या माणसाच्या फुप्फुसांचे रक्षण हा होता. कारखान्यातली ‘धूम्रपान निषिद्ध’ ही एकच पाटी त्यामुळे दोन कामे करू लागली. आगीपासूनही वाचवायचे आणि धुरापासूनही. सिगारेट होती तोवर दोन्ही हेतू एकाच वस्तूवर येऊन मिळत होते, म्हणून त्यांत फरक करण्याची गरज कोणाला भासली नाही.

२००३ च्या सुमारास चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी आजच्या स्वरूपाची ई-सिगारेट बनवली आणि हे दोन हेतू वेगळे झाले. इथे तंबाखू जळत नाही, ज्योत नाही, निखारा नाही. पण बॅटरी आहे, तापणारी तार आहे, विजेचा स्विच आहे. आरोग्याच्या बाजूने पाहणाऱ्यांना ती सिगारेटपेक्षा सौम्य वाटू शकते. आगीच्या बाजूने पाहताना मात्र तिचा हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो.

उपकरणाच्या आत काय असते

बॅटरी, धातूच्या तारेची कॉइल, तिला द्रव पुरवणारी कापसाची वात आणि द्रवाची छोटी टाकी, एवढाच व्हेपचा संसार. द्रवात प्रोपिलिन ग्लायकोल, ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वादद्रव्ये असतात. काही उपकरणांना बटण असते. बऱ्याच उपकरणांत, विशेषतः एकदा वापरून फेकण्याच्या प्रकारात, ओढीचा दाब ओळखणारा संवेदक असतो. झुरका घेतला की सर्किट पूर्ण होते आणि कॉइल तापते. या रचनेतून तीन वेगवेगळे धोके निघतात. ते एकत्र मोजले की चर्चा भरकटते.

पहिला धोका कॉइलच्या उष्णतेचा. २०१८ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी कॉइलवरच तापमापक बसवून नोंदी घेतल्या. कॉइल द्रवात पूर्ण बुडालेली असताना तापमान साधारण ११० ते १८५ अंश सेल्सिअस राहिले आणि वातीतून द्रव मिळत असताना ते साधारण १४५ ते ३३४ अंशांवर होते. द्रव संपून कॉइल कोरडी पडल्यावर मात्र ते ३०० च्या पुढे जाऊन जास्तीत जास्त १,००० अंशांच्या आसपास पोचले. वापरणाऱ्याला जळका स्वाद येतो तो याच अवस्थेत.

हे आकडे वायूंच्या शेजारी ठेवून पाहावे लागतात. पेट्रोलच्या वाफेचे स्वयंप्रज्वलन तापमान साधारण २८० अंश, इथेनॉलचे ३६० च्या आसपास, मिथेनचे ५०० च्या वर, तर कार्बन डायसल्फाइडचे अवघे ९० ते १०० अंश. म्हणजे द्रवात पूर्ण बुडालेली कॉइल पेट्रोलच्या मर्यादेखाली राहते, वातीवर चालणारी कॉइल वरच्या टोकाला ती ओलांडू शकते आणि कोरडी कॉइल ती ओलांडतेच. कार्बन डायसल्फाइडच्या बाबतीत ओली कॉइलही पुरेशी तापलेली असते. पण इथे एक महत्त्वाची पुस्ती आहे. स्वयंप्रज्वलन तापमान बंद, सर्व बाजूंनी तापलेल्या भांड्यात मोजतात. बारीक तारेला स्पर्श करणारा वायू तापून पेट घेण्याआधीच वर निघून जातो, म्हणून छोट्या पृष्ठभागाला प्रज्वलनासाठी बरेच जास्त तापमान लागते. स्फोटक वातावरणातील उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयईसी ६००७९ मालिकेत, ही सवलत दिलेली आहे. उपकरणांच्या तापमानवर्गांपैकी टी-४ वर्गात पृष्ठभागाची सर्वसाधारण मर्यादा १३५ अंश आहे, पण २० चौरस मिलिमीटरपेक्षा लहान भागाला २७५ अंशांपर्यंत मुभा आहे. व्हेपची ओली कॉइल या चौकटीच्या जवळपास घुटमळते, कोरडी कॉइल तिच्या कितीतरी बाहेर जाते.

दुसरा धोका ठिणगीचा. मिथेन पेटवायला सुमारे ०.२८ मिलिज्यूल ऊर्जा पुरते आणि हायड्रोजनला ०.०२ मिलिज्यूल. व्हेपमधला विद्युतदाब चार व्होल्टच्या आतबाहेर असतो. इतक्या कमी दाबाला संपर्क तुटताना होणारी ठिणगी क्षीण असते, असे एक बाजू सांगते. दुसरी बाजू दाखवून देते की कॉइलचा रोध अर्ध्या ओहमइतका असेल तर सात अँपियरच्या आसपास प्रवाह वाहतो, आणि या सर्किटची अशा वातावरणासाठी कोणी चाचणी घेतलेली नसते.

याला जोडून आणखी एक मुद्दा आहे. फ्लेमप्रूफ पेटीच्या सांध्यांतली फट किती असावी, हे वायूनुसार ठरते. प्रमाणित चाचणीत मिथेनची ज्योत साधारण १.१४ मिलिमीटरपर्यंतच्या फटीतून बाहेर पडत नाही. हायड्रोजनसाठी हाच आकडा ०.२९ मिलिमीटर आहे. व्हेपची हवेची छिद्रे अनेकदा यापेक्षा मोठी असतात, आणि तोंडाकडची नळी तर मोठी असतेच. झुरका घेताना बाहेरची हवा थेट तापलेल्या कॉइलवरून ओढली जाते. त्या हवेत वायू असेल आणि आत प्रज्वलन झाले, तर ज्योत आतच अडकून पडेल अशी कुठलीही व्यवस्था नाही. डेव्हींच्या जाळीचे काम करणारे या उपकरणात काही नाही.

तिसरा धोका बॅटरीचा, आणि तो उपकरण बंद असतानाही सोबत असतो. व्हेपमध्ये सर्रास वापरला जाणारा १८६५० जातीचा लिथियम-आयन सेल १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असतो. त्यात ३० हजार ज्यूलच्या घरात ऊर्जा साठलेली असते. सेल चेपला गेला, खिशातल्या किल्ल्या-नाण्यांनी त्याची दोन टोके जोडली गेली, चुकीच्या चार्जरवर लावला किंवा मुळातच निकृष्ट असला तर आतली रासायनिक क्रिया आवराबाहेर जाते. याला थर्मल रनअवे म्हणतात. सेल स्वतः ज्वालाग्राही वायू सोडतो, ज्वाला फेकतो, कधी फुटतो. ही घटना क्वचित घडते, पण घडली तर ती ठिणगी नसते, उघडी आग असते. अशा आगीपुढे मिथेन काय आणि डिझेल काय, तापमानांचे सगळे कोष्टक गैरलागू ठरते.

सिगारेटपेक्षा जास्त की कमी?

‘सिगारेटपेक्षा व्हेप बरी’ हे वाक्य कारखान्यातही ऐकू येते. आगीच्या संदर्भात त्याची छाननी करताना एक अनपेक्षित संशोधन समोर येते. अमेरिकेच्या एटीएफ या संस्थेच्या अग्निसंशोधन प्रयोगशाळेतील अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जळती सिगारेट पेट्रोलच्या ज्वालाग्राही वाफेत ४,५०० वेळा नेण्यात आली. एकदाही वाफ पेटली नाही. सिगारेटच्या टोकाचे तापमान झुरक्याच्या वेळी ९०० अंशांपर्यंत जात असूनही असे घडले. निखाऱ्यावरचा राखेचा थर, तिथला ऑक्सिजनचा तुटवडा आणि वायूला मिळणारा अपुरा वेळ ही कारणे त्यासाठी दिली जातात.

याचा अर्थ पंपावर सिगारेट ओढायला हरकत नाही, असा कोणीही घेतलेला नाही. सिगारेटआधी काडी किंवा लायटर पेटतो आणि ती उघडी ज्योत पेट्रोलची वाफ हमखास पेटवते. शिवाय हायड्रोजन, ॲसिटिलिन, कार्बन डायसल्फाइड, इथर यांना नुसता निखाराही पुरतो. पण तुलनेसाठी हे संशोधन मोलाचे आहे, कारण त्यातून कळते की तापमानाच्या नुसत्या आकड्यावरून प्रज्वलनाचे भाकीत करता येत नाही. मग व्हेपबद्दल घाईने निष्कर्ष काढणेही दोन्ही बाजूंनी टाळायला हवे. व्हेपला काडी लागत नाही, ही तिची जमेची बाजू. तिच्या कॉइलवर राखेचे आवरण नसते आणि ती बॅटरी खिशात घेऊन फिरते, ही उणी बाजू.

मोबाइलच्या वादाची इथे आठवण होते. पेट्रोल पंपावर मोबाइलमुळे आग लागते, ही समजूत जगभर पसरली, पण तपासात तशा म्हटल्या गेलेल्या बहुतेक आगींचे मूळ स्थिर विद्युतभारात सापडले. आज आपल्याकडच्या पंपांवर मोबाइल वापरू नये ही पाटी आणि पैसे भरण्याचा क्यूआर कोड दोन्ही दिसतात. पुराव्याशी न जोडलेला नियम हळूहळू पाळला जाईनासा होतो, असे एक पक्ष यातून सांगतो. मोबाइलचे काम कुठलीही तार तापवणे हे नाही, व्हेपचे तेच काम आहे, त्यामुळे ही तुलना अर्धीच जुळते, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

घटनांच्या नोंदी काय सांगतात

व्हेपच्या स्फोटांचा बऱ्यापैकी पद्धतशीर आढावा अमेरिकेच्या अग्निप्रशासनाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. २००९ ते २०१६ या काळात प्रसारमाध्यमांत आलेल्या १९५ घटना त्यात होत्या. त्यांत १३३ जणांना इजा झाली आणि त्यांपैकी ३८ जणांच्या इजा गंभीर होत्या. यांतल्या जवळपास एकतृतीयांश घटना उपकरण किंवा सुटी बॅटरी खिशात असताना घडल्या, जवळपास तेवढ्याच वापरताना आणि सुमारे एकचतुर्थांश चार्जिंगच्या वेळी. नळकांडी आकारामुळे सेलचा कमकुवत भाग टोकाला येतो, म्हणून फुटल्यावर तो बाणासारखा सुटतो, याकडेही या प्रशासनाने लक्ष वेधले. नागरी विमान वाहतुकीने याच काळात पावले उचलली. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ई-सिगारेटी सामानकक्षातल्या बॅगेत ठेवण्यास आणि विमानात चार्ज करण्यास मनाई केली.

या नोंदींची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. त्या बातम्यांवर आधारलेल्या आहेत आणि मुख्यतः घर, गाडी, दुकान इथल्या आहेत. विकलेल्या कोट्यवधी उपकरणांच्या तुलनेत संख्या लहान आहे, आणि अनेक घटना बातमीपर्यंत पोचतच नाहीत. ज्वालाग्राही वातावरणात व्हेपने आग लागली का, या नेमक्या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. त्यांतून एवढेच निश्चित कळते की बंद, न वापरलेली व्हेपही खिशात पेटू शकते. जिथे झुरका घेण्यावर बंदी आहे पण बाळगण्यावर नाही, अशा जागांसाठी ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे.

तीन भूमिका

पहिली भूमिका सरसकट बंदीची. गेटच्या आत व्हेप नको, वापरायलाही नको आणि बाळगायलाही नको. हिचे समर्थक सांगतात की मोठ्या कारखान्यात शेकडो कंत्राटी कामगार, ड्रायव्हर, पाहुणे रोज ये-जा करतात. कुठला भाग जास्त धोक्याचा (झोन १) आणि कुठला कमी (झोन २), हे प्रत्येकाला पाठ असणे शक्य नाही. गेटवरचा एकच साधा नियम सर्वांना कळतो आणि तपासता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने बंदिस्त जागांत ई-सिगारेटच्या वापराला मर्यादा घालण्याची शिफारस केल्याने आरोग्याच्या बाजूनेही या भूमिकेला बळ मिळते.

दुसरी भूमिका अभियांत्रिकीची. व्हेपला तंबाखूच्या चष्म्यातून पाहू नका, अप्रमाणित विद्युत उपकरण म्हणून पाहा, असे ती सांगते. धोक्याच्या भागाचे वर्गीकरण आधीच झालेले असते. वायू-वाफेसाठी झोन ०, १ आणि २, धुळीसाठी झोन २०, २१ आणि २२. या झोनांत नेमक्या वातावरणासाठी प्रमाणित केलेली उपकरणेच चालतात. साधा टॉर्च, साधा कॅमेरा, साधा मोबाइल चालत नाही, तसाच व्हेपही चालत नाही. यासाठी नवा नियम करण्याची गरज नाही. झोनाबाहेर, कार्यालयात किंवा उपाहारगृहात काय करायचे, तो मनुष्यबळ विभागाचा प्रश्न आहे, प्रज्वलनाचा नाही. या भूमिकेचे बळ तिच्या सुसंगतीत आहे. तिची अडचण अशी की झोनांच्या सीमा नेहमीच्या कामकाजासाठी आखलेल्या असतात. गळती झाली, टाकी साफ करायला उघडली किंवा वारा फिरला, तर काल सुरक्षित असलेली जागा आज सुरक्षित राहत नाही.

तिसरी भूमिका हानी कमी करण्याची. ब्रिटनमध्ये तिचा पाया पक्का आहे. पब्लिक हेल्थ इंग्लंडने २०१६ मध्ये कामाच्या जागांसाठी दिलेल्या सल्ल्यात व्हेपिंग आणि धूम्रपान यांत स्पष्ट फरक करा आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना पुन्हा सिगारेटवाल्यांच्या कोपऱ्यात ढकलू नका, असे म्हटले होते. कारखान्याच्या संदर्भात हा पक्ष एक व्यावहारिक मुद्दा मांडतो. निकोटीनची सवय असलेला माणूस बारा तासांच्या पाळीत काहीतरी मार्ग काढतो. अधिकृत, सुरक्षित, तपासलेली जागा दिली नाही तर तो शौचालयात, स्टोअरच्या मागे, टँकरच्या केबिनमध्ये झुरका घेतो. काडीचा वास आणि राख त्याला पकडून देत असे. व्हेप पकडून देत नाही. म्हणून ठरवून दिलेली जागा आणि गेटवर सुरक्षितपणे ठेवण्याची सोय हवी, असे त्यांचे म्हणणे. यावरचा आक्षेप असा की ब्रिटनमध्ये उत्पादनावर नियमन आहे, तिथले गृहीतक जिथे असे नियमन नाही तिथे उचलून आणता येत नाही.

भारतातली गुंतागुंत

भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. तंबाखू न जाळता तापवणारी उपकरणे आणि ई-हुक्काही त्यात आले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मात्र व्यक्तीने स्वतः ओढणे हा स्वतंत्र गुन्हा म्हणून त्यात लिहिलेला नाही. २००३ च्या कायद्यातील धूम्रपानाची व्याख्या तंबाखू ओढण्याशी बांधलेली असल्याने तिच्यात व्हेप नेमकी कशी बसवायची, हाही वादाचा विषय राहतो.

या बंदीचे सुरक्षेवर दोन उलटसुलट परिणाम होतात. एकीकडे दुकानात सहज मिळणे थांबले. दुसरीकडे जे उपकरण खिशात येते ते कुठून आले, सेल अस्सल आहे का, चार्जिंगला संरक्षक सर्किट आहे का, याची कोणतीच खात्री राहत नाही. अमेरिकेत व्हेपच्या विद्युत आणि बॅटरी व्यवस्थेसाठी यूएल ८१३९ हे मानक आहे. चोरट्या मार्गाने येणाऱ्या मालाला असले काही लागू नसते. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ मध्येच ई-सिगारेटच्या विक्रीला कायदेशीर मान्यता दिली. आखातातल्या तेलप्रकल्पांत आणि टँकर जहाजांवर कोकणातली, मुंबई-ठाण्यातली कितीतरी माणसे काम करतात. तिथे ठरलेल्या जागी चालणारी गोष्ट इथल्या गेटवर वर्ज्य आहे, हे त्यांना स्पष्ट सांगावे लागते.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. चेंबूर-माहुलच्या रिफायनऱ्या, उरणचा वायूप्रकल्प, मुंबई हायचे तेलफलाट, तारापूर-महाड-लोटे इथले रसायन कारखाने, चंद्रपूर-वणीच्या कोळसा खाणी, भंडारा आणि चांद्याचे आयुध कारखाने, नागपूरभोवतीचा स्फोटकांचा उद्योग ही यादी सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या धरायला हव्यात. पेट्रोलमधील इथेनॉलमिश्रणामुळे तिथला अल्कोहोलचा साठा वाढला आहे. शुद्ध इथेनॉलचा ज्वलनांक (फ्लॅश पॉइंट) १३ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या जवळजवळ कुठल्याही हवामानात त्याची वाफ पेटू शकते. मोठ्या रिफायनरीत सुरक्षेचा स्वतंत्र विभाग असतो. ग्रामीण डिस्टिलरीत, रंगाच्या गोदामात, छोट्या औषध कारखान्यात ती जबाबदारी अनेकदा एकाच अधिकाऱ्यावर असते. नियमाची भाषा त्याच्या हाताशी यावी इतकी सोपी असणे म्हणूनच गरजेचे आहे.

एकमत कुठे आहे

एवढ्या मतभेदांतही एका जागी सगळे पक्ष एकत्र येतात. वर्गीकृत झोनात व्हेप वापरू नये आणि नेऊही नये, यावर वाद नाही. हानी कमी करण्याचा आग्रह धरणारेही तिथे सूट मागत नाहीत. कॉइल तापवणे हेच ज्याचे काम, त्याला स्फोटक वातावरणासाठी सुरक्षित म्हणून प्रमाणित करण्याची कल्पनाच अवघड आहे. ‘प्रज्वलनाची सर्व संभाव्य साधने’ या जुन्या कलम ३७ च्या शब्दांतही व्हेप बसत होती, फक्त तिचे नाव घेतलेले नव्हते. प्राणवायूने समृद्ध जागा, जसे ऑक्सिजन प्रकल्प किंवा ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाचा कक्ष, इथेही हेच लागू आहे, कारण तिथे एरवी विझून जाणारी ठिणगीही भडकते.

दुसरे एकमत चार्जिंगबद्दल. प्रयोगशाळा, नियंत्रण कक्ष, रसायनांचे स्टोअर इथल्या सॉकेटवर व्हेप चार्ज करू नये. तिसरे कचऱ्याबद्दल. फेकलेला सेल भंगारात चेपला गेला तर पेटू शकतो. ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकण्याच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी घातली, त्याच्या कारणांत पर्यावरणाच्या हानीबरोबर कचऱ्यातल्या आगींचीही चर्चा होती. सॉल्व्हंटच्या चिंध्यांच्या डब्यात पडलेली व्हेप किती घातक ठरेल, हे वेगळे सांगायला नको.

काय बाकी आहे

पहिला अनुत्तरित प्रश्न शास्त्राचा. सिगारेटबाबत हजारो चाचण्या झाल्या, तशी व्हेपची पेट्रोल, हायड्रोजन, इथेनॉल, सॉल्व्हंटची वाफ आणि साखर-पिठाची धूळ यांत पद्धतशीर चाचणी होणे गरजेचे आहे. ओली कॉइल, कोरडी कॉइल, झुरका आणि आपोआप सुरू होणे या चारही अवस्था वेगळ्या तपासायला हव्यात. ओढीच्या संवेदकावर चालणारी उपकरणे दाबातल्या बदलाने किंवा ओलाव्याने स्वतःहून सुरू होऊ शकतात. ही अवस्था सर्वांत धोक्याची, कारण माणसाला तिचा पत्ताच नसतो.

दुसरा प्रश्न नोंदीचा. आगीच्या तपास अहवालात धूम्रपान आणि विद्युत दोष असे रकाने असतात. व्हेपला स्वतःचा रकाना नसेल तर ती यांपैकी कशात तरी विरघळते किंवा ‘कारण अज्ञात’ मध्ये जाते. मोठ्या आगीत छोटे उपकरण ओळखू येण्यासारखे उरतही नाही. थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची नोंद तर कामगार स्वतः करील तेव्हाच होईल, आणि शिक्षेची भीती असेल तोवर तो करणार नाही.

तिसरा प्रश्न सीमेचा. झोनाच्या बाहेर पण गेटच्या आत काय करायचे? वाहनतळ, प्रशासकीय इमारत, टँकरची रांग या जागांवर सरसकट बंदी आणि ठरवून दिलेली जागा यांत निवड करताना दोन धोके तोलावे लागतात : उघड वापराचा आणि लपूनछपून वापराचा. यांतला कुठला मोठा, हे मोजलेले नाही. लपून ओढणाऱ्याकडून धूरशोधक यंत्र झाकले जाण्याची शक्यता असते, हाही याच तराजूत टाकावा लागेल. भारतात विक्रीच बेकायदेशीर असताना व्यवस्थापनाने वापरासाठी जागा देणे कायद्याच्या हेतूशी कितपत जुळेल, हा आणखी एक पेच.

चौथा प्रश्न झडतीचा. धातूशोधक यंत्र व्हेप आणि गाडीची किल्ली यांत भेद करत नाही. अंगझडती वाढवली तर कामगारांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न येतो. खाणींतला अनुभव सांगतो की झडती टिकते ती सगळ्यांची सारखी होते तेव्हा, साहेबाचीही आणि हंगामी मजुराचीही.

या सगळ्यांची उत्तरे यायला वेळ लागेल. तोवर अडून बसण्याचे कारण नाही, कारण काही गोष्टींना संशोधनाची वाट पाहावी लागत नाही. गेटवरच्या पाटीवर विडी, सिगारेट, काडेपेटी, लायटर यांच्यापुढे ‘ई-सिगारेट/व्हेप’ हे शब्द आणि चित्र असावे. वापरण्यासोबत बाळगण्यालाही मनाई असल्याचे मराठी आणि हिंदीत लिहिलेले असावे. सुरक्षारक्षकाला चार-पाच प्रकारची उपकरणे ओळखायला शिकवावे. काढून घेतलेल्या व्हेप एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ढिगाने न ठेवता ज्वालाग्राही साठ्यापासून दूर, धातूच्या कप्प्यांत वेगवेगळ्या ठेवाव्यात. कामाआधीच्या सुरक्षाचर्चेत, म्हणजे टूलबॉक्स टॉकमध्ये, ‘ही सिगारेट नाही, पण ही बॅटरी आणि तापणारी तार आहे’ एवढे एक वाक्य रोज बोलले जावे. ज्याला सवय सोडायची आहे त्याला कारखान्याच्या डॉक्टरकडून मदत मिळावी, म्हणजे लपण्याची गरज कमी होईल.

आरोग्याचा वाद आणि प्रज्वलनाचा वाद वेगवेगळे ठेवले तर दोन्हींत स्पष्टता येते. व्हेप सिगारेटपेक्षा कमी हानिकारक ठरो वा न ठरो, पेट्रोलच्या वाफेला त्याच्याशी देणेघेणे नाही. तिथे प्रश्न एवढाच की ऊर्जा कुठे साठली आहे आणि ती कधी मोकळी होऊ शकते. या प्रश्नाचे उत्तर आज पुरेसे ठाऊक आहे, आणि पाटीवर एक ओळ वाढवण्यासाठी तेवढे ज्ञान नक्कीच पुरते.